फोटोखाली 'क्रेडिट: गुगल' लिहिलं की चालतं का?

प्रश्न असा आहे: "मी कोल्हापूरच्या खाण्यापिण्याचं आणि फिरायच्या ठिकाणांचं इन्स्टाग्राम पेज चालवते. फोटो बहुतेक गुगलवरून घेते, खाली 'क्रेडिट: गुगल' लिहिते. कधी हॉटेलवालेच फोटो पाठवतात. पेजमधून एक रुपया मिळत नाही. हे फेअर यूजमध्ये बसतं ना?"

नाही बसत, ताई. (फेअर यूज म्हणजे मालकाला न विचारताही चालणारा वापर.) मी वकील नाही, पण पाचशे कॅलेंडरांवर हाताने स्टिकर चिकटवून हा विषय शिकलोय.

राजारामपुरीत माझं डीटीपीचं आणि डिजिटल बोर्डांचं छोटं दुकान आहे. (बाहेरगावच्यांसाठी: फ्लेक्सला आमच्याकडे डिजिटल म्हणतात.) काही वर्षांपूर्वी एका लॉजवाल्याचं कॅलेंडर करायला घेतलं. पहिल्या पानाला रंकाळ्याची पहाट हवी होती. नेटवर मस्त फोटो सापडला, पाण्यावर धुकं आणि मागे शालिनी पॅलेस. कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव होतं, ते मी फोटोशॉपमध्ये पुसून टाकलं. डिसेंबर संपता संपता एक माणूस दुकानात आला. कॅलेंडर काउंटरवर उलगडलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. पाण्याच्या रेघांमध्ये त्याच्या आडनावातल्या वेलांटीचं शेपूट तेवढं शिल्लक होतं. प्रूफ मी चारदा बघितलं होतं, मला दिसलं नव्हतं. आरडाओरडा नाही, काही नाही. "चार दिवस पहाटे पाचला जाऊन उभा राहिलो तेव्हा कुठं असलं धुकं मिळालं," एवढंच म्हणाला. तीन हजार रुपये आणि प्रत्येक कॅलेंडरवर त्याच्या नावाचा स्टिकर, यावर मिटलं. मी आणि माझा पोरगा रात्री दोनपर्यंत चिकटवत बसलो होतो. लॉजवाल्याने पुढच्या वर्षीचं काम दुसरीकडे दिलं, ते वेगळंच.

स्वस्तात सुटलो हे नंतर कळलं. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच. वर, फोटोवरचं मालकाचं नाव मुद्दाम पुसणं हा २०१२ च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद. मी तर एकाच कॅलेंडरात दोन्ही करून ठेवलं होतं.

आता 'क्रेडिट: गुगल'. गुगल फोटो काढत नाही, कुणाचा कुठे ठेवलाय ते दाखवतं. स्टँडवर कुणाची तरी बॅग दिसली आणि तिच्यावर 'सौजन्य: मध्यवर्ती बसस्थानक' लिहून आपण ती घरी घेऊन गेलो, तसा हा प्रकार. बरं, फोटोग्राफरचं खरं नाव लिहिलं तरी भागत नाही. आपलं नाव लागावं हा त्याचा एक हक्क आणि फोटो कुणी वापरावा हे ठरवणं हा दुसरा. नाव दिल्याने पहिला पाळला जातो, दुसऱ्यासाठी विचारावंच लागतं. फोटो काढला त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात वर्तुळातला सी लागत नाही. रंग बदलला, कापला, फिल्टर मारला म्हणून तो आपला होत नाही. हक्काची मुदत काढणाऱ्याच्या हयातीपर्यंत आणि नंतर ६० वर्षं.

'फेअर यूज' हा शब्द आपल्याकडे यूट्यूबवरून आलाय. तो अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातला. तिथलं कोर्ट वापर कशासाठी, मूळ काम कसलं, किती घेतलं आणि मालकाच्या धंद्याला किती फटका, या चार गोष्टी तोलून ठरवतं. आपल्याकडे कलम ५२ मध्ये 'फेअर डीलिंग' आहे आणि ते ठरावीक कारणांपुरतंच: स्वतःचा खाजगी वापर आणि अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींची बातमी. शाहू स्मारकला चित्रप्रदर्शन लागलं, तुम्ही त्यावर बरं-वाईट लिहिलं आणि बोलताय त्या चित्राचा फोटो सोबत टाकला, तर ती समीक्षा. तेच चित्र 'शुभ सकाळ' लिहून टाकलं तर ती सजावट. पैसे मिळत नाहीत हा मुद्दा बाजूने धरला जातो, पण एकटा पुरत नाही. आणि हजारो लोकांसाठी उघडं असलेलं पेज खाजगी नसतं.

पेज इन्स्टाग्रामवर आहे, म्हणून तक्रार आली तर कोर्टाच्या आधी कंपनीच पोस्ट उडवते. वारंवार झालं की पेजच जातं. ही भीती मला कैदेपेक्षा जास्त खरी वाटते.

कोल्हापूरवाल्यांचा नेहमीचा घोळ म्हणजे अंबाबाईच्या किरणोत्सवाचे फोटो. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीत ते शेकडो पेजेसवर फिरतात. "देवीवर कुणाचा कॉपीराइट असतोय व्हय?" असं मलाच एकाने सुनावलंय. देवीवर नाही, मूर्ती शतकानुशतकांची आहे. पण मावळतीचं किरण चेहऱ्यावर आलं त्या मिनिटाला ज्याने बटण दाबलं, तो फोटो त्याचा.

मोकळं रानही बरंच आहे. बिंदू चौकातले किंवा दसरा चौकातला पुतळा, भवानी मंडप, न्यू पॅलेस यांचे फोटो तुम्ही स्वतः काढून खुशाल टाका. सार्वजनिक जागी कायमचे असलेले पुतळे आणि इमारती यांना कायद्यातच सूट आहे. जुनी चित्रंही मोकळी झालीत. चित्रकार आबालाल रहिमान १९३१ साली गेले. बाबूराव पेंटर १९५४ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांची मुदत २०१४ अखेर संपली. शिवाय विकिमीडिया कॉमन्सवर कोल्हापूर, पन्हाळा शोधून बघा. तिथे बहुतेक फोटोंना क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (मालकाने आधीच देऊन ठेवलेली वापराची परवानगी) असतो आणि नाव, परवान्याचा उल्लेख, काही बदललं असेल तर ते सांगणं, ही त्याची मुख्य किंमत. इथे क्रेडिट खरंच कामाला येतं. गुगल इमेजेसमध्येही टूल्सखाली वापराच्या हक्कांचा फिल्टर आहे, फक्त मूळ पानावर जाऊन परवाना स्वतः वाचायचा.

हॉटेलवाल्यांनी पाठवलेल्या फोटोंचं थोडं वेगळं. पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतलेला फोटो, उलटा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो. पण त्यांनीही तो गुगलवरूनच उचलला असेल तर? तांबड्या-पांढऱ्याच्या वाट्या दिल्लीच्या प्लेटसारख्या सजवलेल्या दिसल्या की मी विचारतोच, "हे तुमच्या भटारखान्यातलंच आहे नव्हं?" 'फोटो आमचे आहेत, पेजवर वापरायला हरकत नाही' एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. खरं तर तिथे जेवायला जाताच ना? वाटी समोर आली की मोबाइलने काढा. रश्शाच्या रेसिपीवर काही कुणाचा कॉपीराइट नाही.

जुन्या पोस्टचं म्हणाल तर एक रविवार काढा. मालक सापडला तर विचारा, नाही सापडला तर उडवा. मी पाठवतो तो मेसेज हा, तसाच घ्या:

"नमस्कार, तुमचा रंकाळ्याचा फोटो फार आवडला. माझ्या कोल्हापूरच्या पेजवर तुमच्या नावासह टाकू का? कापणार नाही, काही पुसणार नाही. मानधन असेल तर सांगा."

गेल्या वर्षभरात हा अकरा जणांना गेला. नऊ जणांनी फुकट दिला, एकाने पाचशे घेतले. अकरावा तोच स्टिकरवाला. त्याने आधी विचारलं, "वेलांटी राहणार ना?"