उत्तर: पतसंस्थेच्या घोटाळ्यावर लिहिताना कात्रण धरायचं की कोर्टाचा कागद?

तालुक्याच्या इतिहासाचं पुस्तक, त्यात बुडालेल्या पतसंस्थेचं प्रकरण, संपादक मंडळात दोन तट (एकाचं म्हणणं चार पेपरांची कात्रणं आहेत, बिनधास्त 'घोटाळेबाज' लिहा, दुसऱ्याचं म्हणणं कोर्टाचा कागद आणा नाहीतर नावं काढा), आणि वरून एका माजी संचालकांच्या मुलाचा फोन की नोटीस पाठवतो. तुमची पोस्ट वाचताना वाटलं कुणी माझीच जुनी डायरी टाकलीय. माझं पुस्तक नव्हतं, दिवाळी अंकातला लेख होता, बाकी सगळं तेच. म्हणून जरा लांबण लावतेय, सांभाळून घ्या. मी वकील नाही, छापायच्या आधी वकिलाला दाखवाच.

फिर्याद म्हणजे काय, चार्जशीट म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असणार, त्यात जात नाही. पण त्या चार कात्रणांबद्दल बोलते. ती चारही समोर ठेवा आणि नावांची स्पेलिंगं बघा. माझ्याकडच्या कात्रणांत एका संचालकाचं आडनाव सगळीकडे सारखंच चुकलेलं होतं, म्हणजे सगळ्यांनी पोलिसांची एकच प्रेसनोट उतरवलेली. मग ते चार स्रोत कसले, तो एकच स्रोत, आणि त्यातून सिद्ध काय होतं तर पोलीस त्या दिवशी असं म्हणाले, बस. आणि पतसंस्थेच्या फिर्यादीत लेखापरीक्षक बहुतेक वेळा अख्खं संचालक मंडळ घालतो, त्यात राखीव जागेवरच्या त्या बाईही येतात ज्यांनी मिटिंगला चहा पिऊन सही करण्यापलीकडे काही केलेलं नसतं. पुढे तपासात काहींची नावं गळतात, ती गळल्याची बातमी कोण छापतो?

सहकार खात्याच्या कागदांचंही तसंच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी झाली, कलम ८८ खाली अमुक रकमेची जबाबदारी निश्चित झाली, की गावात लगेच 'दोषी ठरला' सुरू होतं. अहो ८८ म्हणजे संस्थेचं नुकसान कोणाकडून वसूल करायचं त्याचा हिशेब, त्यावर अपील होतं, आणि फौजदारी शिक्षेशी त्याचा थेट संबंध नाही. एमपीआयडी म्हणजे १९९९ चा ठेवीदारांचा कायदा, त्याखाली मालमत्ता जप्तीची अधिसूचना निघते ती पण शिक्षा नव्हे. त्या कायद्यात शिक्षा सहा वर्षांपर्यंत आहे, पण ती कोर्टाने दिली तर. तुमच्या संपादकांनी अधिसूचनेचा फोटो दाखवून 'सरकारनेच लिहिलंय' म्हटलंय ना, त्यांना हे सांगा.

आता माझा जो खरा जीव गेला ते सांगते. माझ्या प्रकरणात खालच्या कोर्टात मॅनेजर आणि काही संचालकांना शिक्षा झाली होती, बातमी पहिल्या पानावर होती. पुढे अपील झालं एवढं कळत होतं, निकाल काय ते कुठेच नाही. पेपरात नाही, ठेवीदार कृती समितीकडे नाही, अवसायकाच्या (बुडालेल्या संस्थेचा कारभार गुंडाळायला नेमलेला अधिकारी) ऑफिसात तर कुणाला अपील झाल्याचंच माहीत नव्हतं. ई-कोर्टवर (खटल्यांची माहिती देणारी कोर्टांची वेबसाइट) केस सापडली, निकाली निघाली एवढं होतं, पण एकाच अपिलात अनेक जण, कुणाचं काय झालं ते काही कळेना, आणि ऑर्डर अपलोड केलेली नव्हती. म्हणून एका कोर्टाच्या नक्कल विभागात गेले. कुठलं ते सांगत नाही, उगाच कशाला.

खिडकीवर पहिला प्रश्न, तुम्ही पक्षकार आहात का? नाही. मग मिळणार नाही, माहिती अधिकारात मागा. माहिती अधिकारात मागितलं, तर काही आठवड्यांनी उत्तर आलं की न्यायालयीन नकला न्यायालयाच्या नियमांनुसारच मिळतील, तिकडे अर्ज करा. (हे उत्तर बरोबर आहे बरं का, मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात हेच सांगितलंय की त्रयस्थ माणसाने कोर्टाच्या नियमांखाली कारण देऊन अर्ज करावा, आरटीआय त्यासाठी नाही. म्हणजे खिडकीवरच्याने मला मुळात चुकीच्या दारात पाठवलं.) परत खिडकी. आता कारण विचारलं. म्हटलं लेख लिहायचाय, निकाल काय लागला ते बघायचंय. तर तो शांतपणे म्हणतो, मग पेपरात बघा ना मॅडम. मी पेपरावर विश्वास नाही म्हणून कोर्टात आलेय आणि कोर्टातला माणूस मला पेपरात पाठवतोय! त्यानंतर मग फाइल रेकॉर्ड रूमला गेलीय, रेकॉर्ड रूमचा माणूस रजेवर आहे, अर्जावर केस नंबर चुकीचा आहे (नव्हता), स्टॅम्प कमी आहे, असं चालू राहिलं आणि तोवर अंक छपाईला गेला. माझ्या लेखाच्या जागी त्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी लेख घेतला आणि त्यात जुन्या बातमीवरून एका संचालकाला सरळ 'शिक्षा झालेले' लिहून टाकलं. दिवाळी उलटल्यावर नक्कल हातात आली. तो माणूस अपिलात केव्हाच निर्दोष सुटला होता. त्याची सून आमच्याच शाळेत शिक्षिका, तिच्या समोरून जाताना अजूनही मला कसंतरी होतं, लेख माझा नसूनसुद्धा.

नक्कल शेवटी कशी मिळाली तर ओळखीच्या वकिलांनी त्रयस्थ व्यक्ती म्हणून कारणासकट अर्ज केला, सोबत प्रतिज्ञापत्र जोडलं, आणि तो जज साहेबांसमोर ठेवायला लावला. त्यांनी आदेश दिल्यावर तीच खिडकी, तोच माणूस, लगेच नक्कल. खिडकीशी वाद घालण्यात माझा सगळा वेळ गेला, तुम्ही पहिल्याच दिवशी 'आदेशासाठी साहेबांसमोर ठेवा' असं म्हणा. जाताना सोळा अंकाक्षरी सीएनआर नंबर (ई-कोर्टवरचा त्या केसचा ओळख क्रमांक) लिहून न्या. चार्जशीटच्या मागे मात्र लागू नका, जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ती सार्वजनिक कागदपत्रं नाहीत. एफआयआर संवेदनशील नसेल तर पोलिसांच्या साइटवर मिळते, ते २०१६ च्या आदेशामुळे.

आणि निकालपत्र हातात आलं की तुमच्या त्या दुसऱ्या गटाला आवरा. कोर्टाचा कागद म्हणजे ब्रह्मवाक्य असं धरून चालणारी मंडळी सुरुवातीची चार पानं वाचतात. ती पानं म्हणजे 'फिर्यादी पक्षाचं म्हणणं थोडक्यात असं', त्यात आरोपीने खोटी कर्जं दाखवून पैसे खाल्ले वगैरे सगळं असतं, निर्दोष सुटलेल्याच्या निकालातसुद्धा असतं! तेच उचलून 'न्यायालयाने नमूद केले की' लिहिणारे मी पाहिलेत. मुद्दे आणि निष्कर्ष यांचा तक्ता बघा, आणि शेवटचा आदेश बघा, प्रत्येक आरोपीच्या नंबरसमोर काय लिहिलंय ते. खटला उभा राहण्याआधीच दोषमुक्त केलेलं असेल तर तसंच लिहा, पुराव्याअंती सुटका झाली असेल तर तसं, पेपरवाले दोन्हीला 'निर्दोष' म्हणतात.

याच कारणाने विकिपीडियावर हयात माणसांबद्दल लिहिताना खटल्याची कागदपत्रं थेट आधाराला घेऊ नका, असं इंग्रजीतलं धोरण सांगतं. लिहिणारा त्यातून स्वतःचे अर्थ काढतो ही भीती. तिथे २००५ मध्ये जॉन सायगेंथालर या अमेरिकन पत्रकाराच्या पानावर केनेडी बंधूंच्या हत्येशी संबंध असल्याचं धादांत खोटं कुणीतरी लिहिलं आणि ते चार महिन्यांहून जास्त तसंच राहिलं, त्यानंतर नियम कडक झाले. मला तो नियम मोठ्या माणसांसाठी पटतो, त्यांच्यावर बातम्यांचा पूर असतो. तालुक्याच्या पतसंस्थेतल्या माणसाची शेवटची बातमी अटकेचीच असते, तिथे कोर्टाच्या कागदाशिवाय गत्यंतर नाही. हे माझं मत, कुणी वेगळं सांगेल.

लिहिताना मी एकच पथ्य पाळते, प्रत्येक वाक्यात कोण म्हणालं, कधी, आणि त्यानंतर काय झालं. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल स्फोटांचंच बघा. २०१५ मध्ये विशेष कोर्टाने १२ जणांना दोषी धरलं, २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने सगळ्यांना सोडलं, आणि तीनच दिवसांनी सुप्रीम कोर्टाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येऊ नये म्हणून स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत जायला सांगितलं नाही. यातली कुठलीही एक तारीख एकटी उचलली की वाक्य खोटं पडतं. आणि शेवटचा टप्पा काय तेच कळत नसेल तर नाव छापू नका, 'तत्कालीन अध्यक्ष' सुद्धा नको, गावात अध्यक्ष कोण होता ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. संस्था कशी बुडाली ते लिहा, विनातारण कर्जं, नातेवाइकांची कर्जं, लेखापरीक्षणाचे शेरे, त्यासाठी नावं लागत नाहीत.

कात्रणांवर पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान लिहिलंय का? जिल्हा आवृत्तीचं पान मुंबईच्या फायलीत सापडत नाही, आणि ई-पेपरच्या लिंका जातात, आत्ताच पीडीएफ उतरवून ठेवा.

नोटिशीचं म्हणाल तर बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आधीच्या दंड संहितेतलं ४९९-५००. कोर्टाच्या कामकाजाचा किंवा निकालाचा मूलतः खरा वृत्तांत हा त्यात अपवाद आहे. नुसतं खरं असणं मात्र पुरत नाही, सार्वजनिक हितही दाखवावं लागतं. तरी एकदा त्या माजी संचालकांच्या मुलाला तुम्हीच फोन करा. रागावलेला माणूस आहे म्हणजे त्याच्या घरी बहुधा निकालाची नक्कल आहे, वडील सुटले असतील तर ती त्याने जपून ठेवलेलीच असणार. म्हणा, निकाल द्या, जसा आहे तसा छापतो, तुमच्या वडिलांचं म्हणणंही चार ओळी घेतो. दिलेली प्रत केस नंबर टाकून ई-कोर्टशी ताडून बघा. आणि त्याने नाहीच दिली तर तो साहेबांसमोरचा अर्ज आहेच, मसुदा हवा असेल तर मेसेज करा, माझ्याकडे आहे.