सव्वादोन वर्षांची लेक अजून बोलत नाही: आमच्या घरी काय कामी आलं

ताई, तुमचं सगळं वाचलं. लेक सव्वादोन वर्षांची, डाऊन सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त. 'बूट आण' म्हटलं की आणते, पंखा कुठे विचारलं की वर बोट करते, पण तोंडातून 'आ' आणि 'बा' याच्या पुढे काही नाही. सासूबाई वेखंड चाटवा म्हणतात, शेजारच्या काकू जिभेखालचा दोरा कापून आणा म्हणतात, आणि थेरपिस्ट मॅडमनी हाताच्या खुणा शिकवा म्हटल्यापासून घरात अबोला. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, नागपूरला मानेवाड्याच्या आमच्या घरात हे सगळं असंच झालं होतं. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. पण या विषयात आठ वर्षं घातली आहेत आणि काही चुका महागात पडल्या आहेत, त्या तुमच्या वाटेला येऊ नयेत म्हणून लांबलचक लिहून राहिले.

पहिला प्रश्न मीच विचारते. कान तपासलेत का? जन्मानंतरची तपासणी धरू नका, गेल्या सहा महिन्यांतली सांगा. डाऊन सिंड्रोमच्या आपल्या लेकरांच्या कानाची नळी अरुंद असते, घशाकडून कानाला जाणारी वाट नीट उघडत नाही, सर्दी झाली की पडद्यामागे चिकट पाणी साचतं. ते दुखत नाही, वाहत नाही, त्यामुळे कळत नाही. कुकरची शिट्टी झाली की लेकरू दचकतं, आपण म्हणतो ऐकू येतं की! पण स, त, क, फ असे हलके आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. पाण्याखाली बसून कोणी बोललेलं ऐकावं, तसं त्याला आपलं बोलणं ऐकू येतं.

आमच्याकडे एका डॉक्टरांनी 'अशी मुलं उशिराच बोलतात, घाई करू नका' म्हणून परत पाठवलं आणि मी त्यावर विश्वास ठेवून अकरा महिने घालवले. दुसरीकडे गेलो तेव्हा दोन्ही कानांत पाणी निघालं. तीन वर्षांचा असताना पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. त्या जूनमध्ये पहिला पाऊस आमच्या मागच्या पत्र्यावर पडला आणि पोरानं दोन्ही कानांवर हात ठेवले. तोपर्यंत त्यानं पत्र्यावरचा पाऊस कधी नीट ऐकलाच नव्हता. प्रत्येकाला नळ्या लागतातच असं नाही, पुष्कळदा पाणी आपोआप ओसरतं, पण आहे की नाही हे माहीत तर पाहिजे. लहान मुलाला किती ऐकू येतं हे बघायची बेरा तपासणी झोपेत होते, आणि पडद्यामागच्या पाण्यासाठी इंपिडन्स तपासणी असते, ती दोन मिनिटांची. या वयात दर सहा महिन्यांनी कान दाखवायचे. सोबत वर्षातून एकदा थायरॉइड, कारण तो कमी असला की लेकरू सगळ्यातच मंदावतं, आणि डोळेही. ओठ दिसले नाहीत तर बोलणं उचलायचं कुठून?

यातच आपल्या नागपूरची एक खास गोष्ट. कूलर. मार्चअखेर ते जून आपण घरात जो धडधडाट लावून ठेवतो, त्यात धडधाकट कानाच्या माणसालाही ओरडून बोलावं लागतं. त्यावर टीव्ही. आम्ही नियम केला: सकाळी सात ते आठ, ऊन चढायच्या आत, कूलर बंद, टीव्ही बंद, आणि तो एक तास त्याच्यासोबत जमिनीवर बसून. माझ्या अंदाजानं त्या एका तासानं जेवढं दिलं तेवढं नंतर कुठल्या वर्गानं दिलं नाही.

आता खुणांवरून पेटलेलं भांडण. माझ्या सासूबाईंचं वाक्य मला अजून तसंच्या तसं आठवतं: 'अशे हातवारे शिकवशीन त मुकंच राहीन लेकरू.' त्यांची भीती खोटी नव्हती, माया होती त्यात. पण घडतं ते नेमकं उलट. या मुलांची समज बोलण्याच्या खूप पुढे धावते. कानानं ऐकलेलं लक्षात ठेवणं त्यांना जड जातं, डोळ्यानं पाहिलेलं चांगलं लक्षात राहतं. त्यात स्नायू सैल, तोंडाची पोकळी लहान, जिभेला नेमक्या जागी नेऊन नेमक्या वेळी सोडायचं काम अवघड. हात मात्र आधी तयार होतात. खुणा शिकवल्यानं बोलणं लांबत नाही हे यावर काम करणारे सगळेच सांगतात, आणि शब्द आला की खूण आपोआप गळून पडते. आमच्याकडे 'पाणी'ची खूण, अंगठा ओठाला लावायचा, साधारण दीड वर्ष चालली. मग एक दिवस अंगठा आणि 'पाई' सोबत आले, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत अंगठा गेलाच होता.

पहिल्यांदा पाचच खुणा घ्या: पाणी, अजून, झालं, दे, नको. खूण करताना शब्द तोंडानं म्हणायचाच, नुसता हात हलवायचा नाही. चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच खूण. आमच्याकडे आबाजींनी 'झालं'साठी स्वतःची वेगळी खूण काढली होती, दोन महिने पोरगा गोंधळला, मग आम्हीच आबाजींची उचलली, कारण ते बदलणार नव्हते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचे व्हिडिओ फुकट बघायला मिळतात, त्यातून घेतल्या तर पुढे शाळेतही उपयोग होतो. पण शुद्धतेचा आग्रह नको.

शब्द कोणते निवडायचे यात आपली मराठी फार कामाची आहे, हे मला उशिरा उमगलं. मी आधी रंग, आकार, प्राणी असले तक्ते घेऊन बसायचे. 'हत्ती' म्हण! अरे बाप्पा, हत्ती त्याला काय उपयोगाचा? आपल्याकडे रोजच्या आज्ञा एकाक्षरी आहेत: दे, घे, ये, जा. एक शब्द उच्चारला की जग हलतं. त्या जोडीला ओठांनी होणारे आवाज, प, ब, म, कारण ते दिसतात. आजीबाईंची जुनी बाळभाषा मंमं, बाऊ, भुर्र, हम्मा, ही सगळी याच मुशीतली आहे. ती बोबडी भाषा वापरू नका असं काही शिकलेले लोक सांगतात, मला ते पटत नाही. 'मंमं' आज येतं तर येऊ द्या, तुम्ही मात्र उत्तरात 'हो, मंमं, भात हवा' म्हणा, म्हणजे पुढचा शब्दही तिच्या कानावर पडेल.

आमच्या पोराचा परक्या माणसासमोर आलेला पहिला शब्द तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचा. चार वर्षांचा होता. लाकडी बैल ओढत गल्लीत नेला, प्रत्येक दारात बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळायचा, आणि मी आधी आठवडाभर घरीच सराव घेतला होता: हात पुढे, 'दे'. चौथ्या घरी निघालं. त्या काकूंनी दहाची नोट दिली, ती मी मोडली नाही.

मोठ्यांसाठी सगळ्यात अवघड काम म्हणजे थांबणं. आपण विचारतो 'काय पाहिजे?' आणि दोन सेकंदांत आपणच 'दूध पाहिजे का, हो ना, दूध पाहिजे' म्हणून मोकळे. या लेकरांना ऐकलेलं आत नेऊन, शब्द शोधून, तोंड जुळवायला वेळ लागतो. मनात दहा मोजा, खरोखर दहा. पहिल्या दिवशी तुम्हाला ते दहा आकडे संपता संपणार नाहीत. त्या वेळात तिची नजर, हात, ओठ बघा. काहीही आलं, 'आ' आलं तरी, ते बोलणं समजून उत्तर द्या. आणि एका हातात केळं, एका हातात संत्र्याची फोड धरून 'केळं की संत्रं?' विचारा, 'हे काय आहे?' विचारू नका. दिवसभर परीक्षा घेणाऱ्या माणसाशी तुम्ही तरी बोलाल का? पाहुणे आले की 'बोल ना बाळा, मावशीला नाव सांग' हा प्रकार तर मी हात जोडून बंद केला.

जिभेच्या दोऱ्याचं: लेकराची जीभ ओठाबाहेर येते म्हणून एक तक्रार, आणि ती दोऱ्यानं बांधलेली आहे म्हणून दुसरी. दोन्ही एकदम खऱ्या असतीलच असं नाही. तपासून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कापाकापी नको. वेखंडाला आमच्या बालरोगतज्ज्ञांनी साफ नको म्हटलं होतं. बोलणं यावं म्हणून पोपटानं उष्टावलेला जांब, म्हणजे पेरू, आमच्याकडेही आला होता, नणंद काटोलहून घेऊन आली. तिचं मन राखलं, जांब ठेवून घेतला, लेकराला दिला नाही.

तोंडासाठी जे खरंच करायचं ते ताटातच आहे. दुधाची बाटली सोडवा, उघडा पेला आणि स्ट्रॉ आणा. मऊ पोळीचा तुकडा दाढेच्या बाजूला ठेवून चावायला लावा. फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं नकोत, ठसका लागतो. फुंकण्याच्या शिट्ट्या आणि जिभेच्या व्यायामाची महागडी पेटी विकणारे भेटतील. फुगे, साबणाचे बुडबुडे फुंका, मजा येते, 'अजून' मागायला निमित्त मिळतं, पण नुसत्या फुंकण्यानं बोलणं येतं याला भक्कम आधार नाही. बोलण्याचा सराव बोलण्यातूनच होतो.

घरात हिंदी-मराठी दोन्ही आहे, एक बंद करू का, असंही विचारलंय तुम्ही. नका करू. दोन भाषा कानावर पडल्यानं डाऊन सिंड्रोमच्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आपल्या नागपुरात लेकराला मराठी घरात, हिंदी गल्लीत लागणारच. आपल्या माणसाशी ज्या भाषेत जीव मोकळा होतो ती बोलावी.

आणि वाचन. हे ऐकून लोक हसतात, बोलत नाही अन् वाचायचं काय! इंग्लंडात पोर्ट्समथच्या मानसशास्त्रज्ञ सू बकली यांना १९८० च्या सुमारास एका वडिलांचं पत्र आलं, की आमची डाऊन सिंड्रोम असलेली मुलगी लहानपणीच वाचायला शिकली आणि त्यातून तिचं बोलणं सुधारलं. त्यावरून पुढे बरंच संशोधन झालं. आम्ही तीन वर्षांचा असताना सुरुवात केली. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, एका बाजूला घरातला फोटो, दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरात 'आई', 'बाबा', 'भात'. मुळाक्षरं नाहीत, पूर्ण शब्द. आधी जोड्या लाव, मग 'बाबा दे', मग 'हे कोण?'. तो 'भात'ला 'भा' म्हणायचा, शेवटचा त कानाला सापडायचाच नाही. कार्डावरच्या त वर बोट ठेवलं तेव्हा त्याला कळलं की तिथं अजून काहीतरी आहे. तुमची लेक अडीचची झाली की सुरू करा.

थेरपीबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत होतात, अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, चिठ्ठी घ्या. नागपुरात केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं संयुक्त क्षेत्रीय केंद्रही आहे. खासगीत जाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, लाजू नका. दिव्यांग ओळखपत्र आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्ज आत्ताच टाका, १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात. थेरपिस्ट दार लावून मुलाला आत घेतात आणि तुम्हाला बाहेर बसवतात, अशी जागा असेल तर बदला. आठवड्यातले ते पाऊण तास तुम्हाला शिकवण्यासाठी असतात, उरलेला आठवडा तुमचाच आहे.

पहिला शब्द कधी येईल, हे मी सांगू शकत नाही. बऱ्याच जणांचा दीड ते तीन वर्षांच्या मध्ये येतो, काहींचा नंतर. आमच्याकडे तीन वर्षं चार महिने लागले. पण आलेले आवाज किंवा खुणा गळायला लागल्या, नजर देणं कमी झालं, तर वाट बघत बसू नका. आपल्या काही मुलांत स्वमग्नताही सोबत असते, ती वेगळी तपासावी लागते.

सासूबाईंना खुणांसाठी राजी करायचं असेल तर एक सांगते. त्यांना समजावू नका. जेवताना 'अजून'ची खूण त्यांच्याकडूनच करून घ्या, आणि गूळ त्यांच्याच हातात ठेवा. नातीनं बोटं जुळवून त्यांच्याकडे बघितलं की माझ्या सासूबाईंचं झालं तेच होईल. त्या आठवड्यात त्यांनी अख्ख्या गल्लीला दाखवलं.

इंपिडन्सचा रिपोर्ट आला की कळवा. त्यात 'टाइप बी' लिहिलेलं असेल, म्हणजे आलेखाची रेघ सपाट असेल, तर बहुधा पाणी आहे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा.