गॅलियम आर्सेनाइडचा चांगला ट्रान्झिस्टर लावूनही 10 गिगाहर्ट्झला स्विच नीट बंद का होत नाही?

आपण विचारले आहे की, 1 मिलिमीटर गेट-रुंदीचा पीएचईएमटी (गॅलियम आर्सेनाइडचा वेगवान ट्रान्झिस्टर; गेट म्हणजे त्याला चालू-बंद करणारे टोक) सिरीजमध्ये, म्हणजे सिग्नलच्या वाटेतच, लावला असता 1 गिगाहर्ट्झला स्विच उत्तम चालतो. परंतु 10 गिगाहर्ट्झला तो बंद केला तरी सिग्नल पलीकडे पोहोचतोच, तेव्हा ट्रान्झिस्टर जळाला असेल का? रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मायक्रोवेव्ह मोड्यूल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी बारा वर्षे हेच काम करतो आहे, आणि आपण दिलेल्या वर्णनावरून ट्रान्झिस्टर शाबूत आहे असेच मला वाटते.

बंद ट्रान्झिस्टर म्हणजे तुटलेली तार नव्हे. ड्रेन आणि सोर्स या त्याच्या दोन टोकांमध्ये थोडा कपॅसिटन्स उरतोच. आपल्या रुंदीला तो 0.2 पिकोफॅरड धरला, तर 1 गिगाहर्ट्झला त्याचा अवरोध सुमारे 800 ओहम भरतो आणि 50 ओहमच्या लाइनवर 18 डेसिबल आयसोलेशन (बंद स्विच सिग्नल किती अडवतो त्याचे माप) मिळते. 10 गिगाहर्ट्झला मात्र तोच अवरोध 80 ओहमवर येतो आणि आयसोलेशन जेमतेम 2 डेसिबल उरते.

रुंदी निम्मी केली, तर आयसोलेशन साडेपाच डेसिबलपर्यंत जाईल, पण चालू अवस्थेतला रोध 1.5 ओहमवरून 3 ओहम होईल. रोध आणि कपॅसिटन्स यांचा गुणाकार, म्हणजे येथे 300 फेम्टोसेकंद, रुंदीने बदलत नाही; तो पदार्थावर आणि प्रोसेसवर ठरतो. म्हणून स्विचसाठी ट्रान्झिस्टर निवडताना डेटाशीटमधला गेन पाहू नये, हा गुणाकार किती लहान आहे ते पाहावे. स्विचच्या चॅनेलमधून (ड्रेन-सोर्समधल्या वाटेतून) डीसी प्रवाह वाहतच नाही, त्यामुळे अॅम्प्लिफायरचे निकष येथे फारसे लागू पडत नाहीत.

आपल्याला अरुंद पट्टाच हवा असेल, तर ड्रेन-सोर्सला समांतर 1.27 नॅनोहेन्रीची कॉइल लावून तो कपॅसिटन्स रेझोनन्सने निष्प्रभ करता येतो. रुंद पट्ट्यासाठी सिरीजच्या जोडीला सिग्नल ग्राउंडकडे वळवणारा शंट ट्रान्झिस्टर घ्यावाच लागतो; त्याच्या सोर्सखालच्या व्हायाकडे (ग्राउंडला जोडणाऱ्या धातूच्या छिद्राकडे) मात्र फार लक्ष द्यावे, कारण 0.1 नॅनोहेन्री इतका इंडक्टन्ससुद्धा येथे 6 ओहमचा अडथळा ठरतो.

गेटच्या रेझिस्टरविषयी आपण काहीच लिहिलेले नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. आमच्या एका बोर्डावर 10 किलोओहमच्या जागी चुकून 100 ओहमचा रेझिस्टर बसला होता. स्विच चालू असतानाही जवळपास 2 डेसिबल लॉस दिसत होता, आणि आम्ही दोन दिवस कनेक्टर बदलत बसलो. गेट आणि चॅनेल यांच्यातल्या सुमारे 1 पिकोफॅरडमधून सिग्नल थेट कंट्रोल लाइनमध्ये उतरत होता. रेझिस्टर मोठा असला की गेट सिग्नलसोबत मोकळेपणाने वरखाली होतो आणि ही गळती थांबते. 10 किलोओहम आणि 1 पिकोफॅरड मिळून टाइम कॉन्स्टंट 10 नॅनोसेकंद होतो, तेव्हा आपल्याला स्विच किती वेगाने पालटायचा आहे ते आधी ठरवून मगच हा रेझिस्टर निवडावा.