एफडीला दुसरा हप्ता नसतो

सेलूहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६, एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघतात, पगार ३० हजार. घरी आई, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. दोन पानांच्या पत्रातलं पावणेदोन पान ॲम्प्लिफायरवर आहे. वडिलांच्या वेळचे दोन स्पीकर त्यांनी माळ्यावरून खाली काढलेत. मागच्या पट्टीवर ८ ओहम (विजेला होणारा विरोध), ८८ डेसिबल (आवाजाची पातळी) असं लिहिलंय. त्यांना जोडायला छोटा ‘क्लास डी’ ॲम्प हवाय आणि तीन हेरून ठेवलेत: साडेपाच हजारांचा ब्लूटूथवाला, साडेनऊ हजारांचा आणि सतरा हजारांचा. प्रश्न असा, “सतरावाला घेतला तर आयुष्यभराची गुंतवणूक होईल का? नो कॉस्ट ईएमआयवर मिळतोय.”

आणि अगदी शेवटी, जाता जाता: “पैशाची तशी अडचण नाही. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे आले होते, त्यातले दोन लाख बँकेत डबलच्या एफडीत टाकलेत. तिचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात २० तारखेला आहे, तेवढा भरला की ॲम्प घेतो. खात्यात अजून २ लाख ६० हजार आहेत.”

ॲम्प राहू द्या बाजूला. एफडीला दुसरा हप्ता नसतो हो! एफडीत पैसे एकदाच ठेवतात. दर महिन्याला भरतात ती आरडी. दरवर्षी भरायचं, ‘डबल’ होणार म्हणायचं आणि विकायचं मात्र बँकेतल्या टेबलावर, असा प्रकार एकच. तो विमा.

मी कागदाचे फोटो मागवले. आले. वार्षिक हप्ता २ लाख, हप्ते १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं, विमा २० लाखांचा, मुदतीअंती ४० लाख. म्हणजे डबल हा शब्द खोटा नाही. २० लाख भरा, ४० लाख घ्या. फक्त ते ४० लाख हातात येतील तेव्हा तुम्ही ५५ वर्षांचे असाल आणि आज चार वर्षांची असलेली मुलगी सासरी गेलेली असेल, हे कुणी बोललं नाही.

त्याच फोटोंत अर्जाचंही एक पान होतं. व्यवसाय: ‘शेती व व्यापार’. वार्षिक उत्पन्न: ९ लाख. खाली सही तुमचीच, वरचं अक्षर दुसऱ्याचं. तुम्ही कमावता ३ लाख ६० हजार. त्यातून दरवर्षी २ लाखांचा हप्ता कुठल्याच अर्जात बसला नसता, म्हणून उत्पन्न फुगवलं. आणि तुम्हीच लिहिलंय की “कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा” असं बँकेतल्या साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तुम्ही हो म्हणालात.

मला राग साहेबांचा आहेच, पण थोडा तुमचाही आहे. जिनिंगमध्ये रोज काट्याच्या पावत्या तुमच्या हाताखालून जातात. ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, भाव कापते, १२ च्या वर गेला की कापूस परत पाठवते, हे तुम्हाला झोपेत विचारलं तरी सांगाल. शेतकऱ्याच्या गाडीत हात घालून बघणारी माणसं आपण. स्वतःच्या दोन लाखांत कुणी हात घातला नाही.

चला, ओलावा मोजू. वर्षाला २ लाख असे १० वर्षं, विसाव्या वर्षाच्या शेवटी ४० लाख. हा परतावा पडतो साधारण साडेचार टक्के. हेच पैसे ७ टक्क्यांनी वाढले असते तर ५८ लाख झाले असते. ७ टक्के म्हणजे काही स्वप्नातला आकडा नव्हे. पीपीएफ या सरकारी बचत योजनेचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ आहे आणि त्यावर कर नाही. एका खात्यात वर्षाला दीड लाखच भरता येतात, म्हणून उरलेल्यासाठी पत्नीच्या नावानं दुसरं खातं.

आता तुम्ही म्हणाल, भरलेले दोन लाख बुडतील त्याचं काय? सगळेच बुडाले असं धरू. उरलेले नऊ हप्ते ७ टक्क्यांनी बाहेर ठेवलेत तर त्याच तारखेला सुमारे ५० लाख. पॉलिसीत राहिलात तर ४०. पहिल्या दोन लाखांवर पाणी सोडूनही १० लाख जास्त. आणि हा हिशेबसुद्धा तुम्ही नऊ हप्ते भरू शकता असं गृहीत धरून. खरं तर दुसरा भरल्यावर खात्यात ६० हजार उरतील. तिसरा कुठून आणणार? तिसरा चुकला की दोनाचे चार लाख अडकले. शाखेत हमखास सांगतील, “आता सोडू नका, दुसरा भरा, मग त्याच्यावर लोन काढून देऊ.” स्वतःच्याच पैशावर व्याज भरायची ही सोय आहे. नको म्हणा.

कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, पण तुमची मुदत गेली. पॉलिसीचा बाँड अकरा महिने कपाटात एफडीची पावती म्हणून पडून होता. तरी हात बांधलेले नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी, पूर्ण एका वर्षाचा हप्ता भरला असेल तर पहिलं पॉलिसी वर्ष संपल्यावर काही सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मधेच सोडली तर परत येणारे पैसे, मिळते. आधी दोन वर्षं भरल्याशिवाय दमडी मिळत नसे. किती मिळेल ते कंपनीकडून लेखी मागवा.

पण सरेंडरच्या फॉर्मवर लगेच सही करू नका. इथं बरेच जण घाई करतात. आधी तक्रार. एफडी सांगून विमा विकला, अर्जात उत्पन्न खोटं लिहिलं, पूर्ण २ लाख परत द्या. इतकं साध्या मराठीत लिहा, अर्जाच्या पानाची प्रत आणि तीन महिन्यांच्या पगारपत्रकाची प्रत जोडा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा आणि एक प्रत बँकेच्या शाखेत देऊन पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली पोच. “ठेवून जा, बघतो” ही पोच नव्हे. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. फी नाही, वकील लागत नाही. पैसे पूर्ण मिळतीलच अशी हमी मी देत नाही, पण ते ९ लाखांचं पान तुमच्या बाजूचं आहे. सरेंडर करून पैसे उचलल्यावर हीच तक्रार लंगडी होते. आणि मधल्या काळात “लोकपाल ऑफिसातून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय, एवढी फी भरा” असा फोन आला तर ठेवून द्या. असे फोन येतात.

२० तारखेचा हप्ता भरू नका. खात्यातून आपोआप कापून घेण्याची मंजुरी दिली असेल तर ती आधी बंद करा, नाहीतर सगळं मुसळ केरात. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, त्या काळात २० लाखांचा विमा चालूच राहतो. तेवढ्यात साधा टर्म विमा काढा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा; एक कोटीपर्यंत, तुमच्या खऱ्या उत्पन्नावर कंपनी देईल तेवढा. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, एक कोटीला वर्षाला १२ ते १५ हजार. अर्जात उत्पन्न खरं लिहा आणि या वेळी अक्षरही तुमचंच असू द्या. दीड लाख खरोखरच्या एफडीत, घराच्या सहा महिन्यांच्या खर्चासाठी. राहिले ९५ हजारांच्या आसपास. आता त्यातून ॲम्प.

क्लास डी मधला डी म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी वापरून झाली होती, पुढचं अक्षर डी, एवढंच. यात ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला लाखो वेळा, आणि पुढं कॉइल-कपॅसिटरच्या गाळणीतून आवाज निघतो. त्यामुळं वीज उष्णतेत फारशी जात नाही, दहातले नऊ भाग कामी येतात. माझ्या चुलत्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जुन्या ॲम्पवर चहाचा कप ठेवला तर गरम राहायचा. हे डबे बेचाळीस डिग्रीतही तसे तापत नाहीत. ॲडॉप्टरवर ‘१००–२४०’ छापलेलं बघून घ्या. मग संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं तरी चालतो.

आता वॅट. खोक्यावर ३००+३०० छापतात. साडेनऊ आणि सतरा हजारांच्या डब्यांत चिप एकच, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३२५५. तिच्या कागदावर ३१५ वॅट आहेत खरे, पण ४ ओहमवर, ५० व्होल्टच्या वर आणि १० टक्के विकृतीसह. म्हणजे वरातीच्या डीजेसारखा फाटलेला आवाज. तुमच्या साडेनऊवाल्याचा ॲडॉप्टर ३२ व्होल्ट, ५ अँपिअर. गुणाकार करा: १६० वॅट, दोन्ही बाजू मिळून. भिंतीतून १६० आले तर स्पीकरला ६०० कुठून जाणार? तुमच्या ८ ओहमला एका बाजूला स्वच्छ ५०-५५ धरा. साडेपाचवाला जुन्या टीपीए ३११६ वर, २४ व्होल्टचा: ३० वॅट. सतरावाला ४८ व्होल्टचा, त्याचे बरेच जास्त.

पण तुमचे स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतात. दहा बाय बाराच्या खोलीत एक-दोन वॅटलाच आई “बारीक कर” म्हणतील. ३२ वरून ४८ व्होल्टवर जाऊन वाढतात जेमतेम साडेतीन डेसिबल. सतरावाल्यात गाळणीच्या पुढून फीडबॅक घेतलाय, म्हणजे बाहेर पडणारा आवाज परत आत तपासला जातो, त्यामुळं स्पीकरच्या ओहमप्रमाणं वरच्या पट्टीचा आवाज बदलत नाही. गोष्ट चांगली आहे, पण साडेसात हजार जास्त देण्याइतकी तुमच्या कानांना कळेल असं वाटत नाही. साडेपाचवाल्यांत रात्रीच्या शांततेत बारीक सूं ऐकू येतो, भजन ऐकणाऱ्याला तो खुपतो. साडेनऊवाला घ्या, रोखीनं. नो कॉस्ट ईएमआयला बहुधा प्रक्रिया शुल्क असतं, क्रेडिट कार्डावर घेतला तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटीही असतो. कॉस्ट नाही फक्त नावात. आणि ॲम्पला गुंतवणूक म्हणू नका. आवड आहे, आवडीचा खर्च आहे, त्यात लाजायचं काय?

ऑर्डर द्यायच्या आधी मात्र एक करा. स्पीकरची जाळी काढा आणि शंकूच्या कडेची फोमची रिंग बोटानं हळूच दाबा. इतकी वर्षं माळ्यावरच्या उन्हाळ्यात राहिलेला फोम बहुधा कुजलेला असतो. बोटाला काळा चुरा लागला, तर ॲम्प थांबवा आणि ते स्पीकर आधी परभणीला किंवा नांदेडला कुणा जुन्या मेकॅनिककडे रिंगा बदलायला द्या.