वडिलांची जिप्सी आणि चार लाखांची यादी

पुण्यातल्या वारज्याहून एका वाचकाने लिहिलंय: वडिलांनी २००७ मध्ये घेतलेली मारुती जिप्सी किंग दोन वर्षं पार्किंगमध्ये उभी आहे. सुट्टीच्या दिवशी घरीच काम करून ती चालती करायची आणि हळूहळू अपग्रेड करायची, असं त्यांच्या मनात आहे. यादी चार लाखांवर गेलीय. अडीच लाखांचं पर्सनल लोन काढावं, उरलेले पैसे एसआयपी वर्षभर थांबवून आणि बोनसमधून भागवावेत, की जिप्सी विकून नवीन फोर बाय फोर घ्यावी? पगार हातात ९५ हजार. गृहकर्जाचा हप्ता ३८, घरखर्च ३४, एसआयपी १० हजार. अडीनडीसाठी ठेवलेले १ लाख ८० हजार आणि वर्षाचा बोनस ९० हजार. कामावर जायला कंपनीची बस, घरात पत्नीची छोटी कार.

नमस्कार. नव्या गाडीचं आधी मिटवून टाकू. बारा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साधारण १९,६०० येतो आणि व्याजच जवळपास साडेचार लाख जातं. तुमच्याकडे महिन्याला उरतात १३ हजार. तेव्हा तो विषय सध्या बंद.

जिप्सी ठेवा, असंच मी म्हणेन. पण लोन नको आणि एसआयपीला हातही नको. अडीच लाख १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता ८,४०० च्या आसपास बसतो, व्याज ५३ हजार. तेवढ्यात चार नवे टायर येऊन वर पैसे उरतील. शिवाय तुम्हाला घाई कसली आहे? जिप्सी सहा महिने स्टँडवर राहिली तरी घरात कुणाचं अडत नाही.

तुमची यादी मी दोनदा वाचली. ब्रेक, किंगपिन बेअरिंग आणि नकलचे ऑईल सील (दोन्ही पुढची चाकं वळतात त्या सांध्यातले), टायमिंग बेल्ट, रेडिएटर, वायरिंग मिळून १ लाख १० हजार. पत्रा आणि रंग ८० हजार. बाकीचे २ लाख १० हजार लिफ्ट किट (गाडी उंच करणारं), मोठे टायर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं), बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड) आणि सीटचे. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा अशा वस्तूंचा आहे, ज्यांच्याशिवाय गाडी उत्तम चालते. त्यातला बुलबार तर खोडूनच टाका, २०१७ पासून त्यावर केंद्राची बंदी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत फरक करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं. लिफ्ट आणि रुंद टायर लावून अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात तुमचीच बाजू लंगडी पडते. ताम्हिणी किंवा वेल्ह्याच्या कच्च्या रस्त्याला मूळ पाटे आणि लो गिअर पुष्कळ आहेत.

पण यादीतला एक प्रश्न बाकी सगळ्यांच्या आधी सुटायला हवा, तो म्हणजे गंज. हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या काकांची जीप आम्ही एका गॅरेजला दिली होती, सगळे पैसे आगाऊ. आठ महिन्यांनी चकचकीत होऊन आली. एका पावसाळ्यात दाराखालचा रंग फुगला. ड्रायव्हरच्या पायाखालचं रबर मॅट उचलून मी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, तर ते सरळ आरपार गेलं. आत पत्रा नव्हताच, पुट्टी होती. म्हणून सांगतो, एका रविवारी सगळी मॅट काढा. फ्लोअर, मागच्या चाकांच्या वरची कमान, बॉडी चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, जिथे बोल्टने बसते त्या जागा हातोडीने हळू ठोकून बघा. मग गाडी एखाद्या अनुभवी मिस्त्रीकडे उचलून चेसिस तपासून घ्या. त्याला तपासणीचे वेगळे पैसे द्या, म्हणजे काम मिळावं म्हणून तो तुमच्या मनासारखं बोलणार नाही. फ्लोअरचा पत्रा कापून नवा जोडता येतो. चेसिस खाल्लेली असेल तर मात्र एक रुपयाही न घालता गाडी विका. मला माहीत आहे, हे वाचायला जड जाईल.

चेसिस धड निघाली, तर पैशाचं असं करा. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ७२ हजार, सहा महिन्यांचे ४ लाख ३२ हजार हाताशी हवेत. तुमच्याकडे अडीच महिन्यांचेच आहेत. उरणाऱ्या १३ हजारांतले ८ हजार या अडीनडीच्या रकमेत, ५ हजार जिप्सीच्या वेगळ्या खात्यात. बोनसचेही तसेच, ६० हजार तिकडे आणि ३० हजार जिप्सीला. अशाने आपत्कालीन रक्कम साधारण वीस महिन्यांत पुरी होईल आणि जिप्सीला वर्षाला ९० हजार मिळतील. खात्यात असेल तेवढंच काम काढायचं. पहिल्या पैशात ब्रेक आणि किंगपिन, मग पत्रा. रंग शेवटी आणि मूळचाच, कारण रंग आर.सी.वर नोंदलेला असतो. सुट्या भागांसाठी नाना पेठेत दोन-तीन दुकानांत भाव विचारा. पाने, जॅक रविवारी जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात, पण गाडी ज्यावर उभी राहणार ते स्टँड नवेच घ्या. खाली तुम्ही झोपणार आहात.

तुमचं पासिंग जून २०२७ ला संपतंय. वीस वर्षांवरच्या हलक्या गाडीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजार झालंय, पर्यावरण कर वेगळा. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी, बसवलेली नसेल तर तीही. ही रक्कम त्याच खात्यात आधी बाजूला काढा.

आणि एक गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिलीत: गाडी अजून बाबांच्या नावावर आहे, आणि दर रविवारी ते तिच्यात बसून पेपर वाचतात. गाडी बाबांची आहे, तेव्हा पहिला पाना लावण्याआधी तुमच्या बहिणीला फोन करा, तिचंही म्हणणं ऐका. मग बाबांच्या सहीने फॉर्म २९ आणि ३० भरून आर.सी. आणि विमा तुमच्या नावावर करून घ्या. आज ही एका सहीची गोष्ट आहे. ती सही कशासाठी हवीय हे बाबांना नीट समजावून सांगा, आणि रविवारची त्यांची सीट काम चालू असतानाही जागेवर राहील असं बघा.