सुरुवातीला एवढंच करा

या या, रोल-प्लेइंग गेम्स (ज्यात आपण एखादं पात्र बनून खेळतो) आणि त्यांचे फासे जमवायच्या छंदात स्वागत! आधी वेगवेगळ्या बाजूंच्या सात फाशांचा साधा सेट घ्या, मग एकेक विचित्र फासा बघून निवडा, स्वस्त मिळतंय म्हणून मिक्स लॉट (एकत्र विकायला काढलेले सरमिसळ फासे) उचलू नका, बहुतेक सगळे सारखेच निघतात. १९७० च्या दशकातल्या वीस बाजूंच्या फाशांवर बऱ्याचदा ० ते ९ दोनदा असतात आणि आकड्यांत रंग नसतो, तो डिफेक्ट नाही हो, तेव्हा लोक मेणाच्या खडूने आकडे स्वतः भरायचे, त्यामुळे घासूनपुसून चकाचक करू नका प्लीज! १०० बाजूंचा फासा शोकेससाठी भारी, पण घरंगळतच राहतो, खेळायला दहा बाजूंचे दोन फासे वापरा, एक दशकाचा, एक एककाचा.

गेममध्ये:
- १९७५ चा 'आन गार्द' (En Garde!) हा रोल-प्लेइंग गेम बघा, सतराव्या शतकातलं पॅरिस, द्वंद्वयुद्धं, समाजात वर चढायची धडपड, कमाल आहे
- सगळे नियम पाठ करत बसू नका, आधी एक द्वंद्व खेळा