सही मीच केली ना, मॅडम?

"आम्ही होकार दिला, चुकलं तर नाही ना?" मुलांच्या वॉर्डाबाहेर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. एका बापाचं सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

मुलगी सहा वर्षांची, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं आणि त्यामुळे अंगात साठणारं लोह काढायला रोज गोळी. मज्जा, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा भाग, दुसऱ्याची घ्यायची तर ती जुळावी लागते; भावंडाशी जुळणी व्हायची शक्यता चारात एक. हिच्या नऊ वर्षांच्या भावाशी जुळली. लोहाने यकृत बिघडायच्या आत बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे मज्जा बदलणं, केलेलं बरं, असं डॉक्टर म्हणाले. जिवाला धोका आहे, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

आधी केमो देऊन तिची मज्जा रिकामी केली, मग भावाच्या पेशी रक्तासारख्याच नळीतून सोडल्या. त्यानंतर फक्त थांबायचं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या वर जाऊन सलग तीन दिवस टिकले, की पेशी रुजल्या म्हणायच्या. त्याला दोन ते चार आठवडे लागतात. आई आत, बाबा बाहेर बाकावर.

अकराव्या दिवशी काउंट 40. तोंडभर फोड, थुंकी गिळवेना. बाबा म्हणाले, "इथं आली तेव्हा लिफ्टची बटणं दाबत पळत होती, मॅडम. हसती-खेळती पोरगी आणून झोपवली. सही मीच केली ना?"

पहिल्या दिवशी मी 'होईल सगळं नीट' असं बोलून गेले होते. तसं बोलायला नको होतं. माझ्या हातात काय होतं? या वेळी तो मोह आवरला. खिशातल्या ज्या वहीत ते काउंट लिहायचे, तिची आधीची पानं वाचायला सांगितली. रक्ताच्या तारखा, वाढत गेलेलं फेरिटिन (साठलेलं लोह दाखवणारा आकडा), 'शीर मिळाली नाही, चार वेळा टोचलं'.

"सही केलीत तेव्हा ही पानं समोर होती. आजचा 40 नव्हता."

ते बराच वेळ वही चाळत राहिले. हलकं वाटलं वगैरे काही म्हणाले नाहीत.

मग मी मुलाचं विचारलं. तो धर्मशाळेत आजीपाशी. कमरेच्या हाडातून मज्जा काढून झाल्यावर त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. (हे फार घरांत होतं.) संध्याकाळी बाबा त्याला घेऊन आले. तो हळूच म्हणाला, "माझं रक्त खराब निघालं तर?"

"अरे, तू तुझं दिलंस. पुढचं काय तुझ्या हातात..." बाबा तिथेच अडखळले. माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल काढला.

दुसऱ्या दिवसापासून वहीत आकडा मुलगा लिहू लागला. शून्यांना डोळे काढायचा. बाविसाव्या दिवशी 540 लिहिलं, आणि पुढचे दोन दिवस रोज सकाळी तो पेन घेऊन बाबांच्या आधीच बाकावर बसलेला असायचा.